चारचाकीची बुशे : कधी बदलावीत, कशी बदलावीत



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी सोडून मोटारीच्या बुशांवर लेख लिहावा, हे पाहून काही मंडळी हसतील. हसू द्यात. परंतु कार्यक्षेत्रात गावोगाव फिरताना आम्हाला असे दिसते की, ज्या दारात पूर्वी बैलगाडी आणि फार तर एखादी मोटारसायकल असायची, त्या दारात आज बोलेरो, पिकअप, जुनी ओम्नी नाही तर एखादी छोटी मोटार उभी आहे. बैलगाडीच्या आखाला वंगण कधी घालायचे हे घरातल्या पोरासोरांना ठाऊक होते. मोटारीचे मात्र तसे नाही. ती चालते तोवर चालवायची आणि बंद पडली की ढकलत तालुक्याला न्यायची, अशी आपली रीत. हंगामात पाणंद रस्त्यांना ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या पडतात. त्या चाकोऱ्यांतून गाडी रोज गेली की सगळ्यात आधी मरतात ती बुशे. आणि त्यांच्याकडे लक्ष जाते सगळ्यात शेवटी.

आमचेही गेले नव्हते. म्हणून आधी स्वतःचाच अनुभव सांगतो.

आमच्या छोट्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून गतिरोधकावर ‘टक’ असा आवाज येऊ लागला. तालुक्याच्या एका गॅरेजात दाखवली. कारागिराने लोअर आर्मचे बुश गेल्याचे सांगितले, दुपारपर्यंत नवे बसवून दिले, पैसे घेतले. आवाज गेला. आम्ही निर्धास्त झालो. गळीत सुरू झाले, आमचे फिरणे वाढले आणि तीन महिन्यांच्या आतच तोच आवाज परत. या वेळी मात्र ‘हंगाम संपू दे, मग बघू’ म्हणून आम्ही चालढकल केली. पुढे एका संध्याकाळी शिवारातून येताना समोरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. आम्ही ब्रेक दाबला तशी गाडी सरळ थांबण्याऐवजी डावीकडे ओढली गेली आणि पाण्याच्या चारीत चाक उतरले. बरोबर आमचा चिटबॉय होता. त्याच्या कपाळाला टेंगूळ आले, एवढ्यावर निभावले. डावीकडे चारी होती म्हणून. तेच बुश उजव्या बाजूचे असते, तर गाडी ट्रॉलीकडे ओढली गेली असती. हा विचार त्या रात्री आम्हाला झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी गाडी कारखान्याच्या गॅरेजातील जुन्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी खाली वाकून टॉमीने आर्म हलवून पाहिला आणि विचारले, “साहेब, बुश नवं दिसतंय की. नट कुठं आवळला त्यानं? गाडी वर लटकत हुती तवा, का चाकावर हुती तवा?”

आम्ही म्हणालो, “मिस्त्री, गाडी वरच होती. वरच सगळं आवळलं आणि खाली सोडली.”

“मग कसं टिकंल? बसवतानाच पिळून ठेवलंय त्येनी.”

या एका वाक्यात सगळा धडा आहे. तो नीट कळण्यासाठी बुश म्हणजे काय हे आधी पाहू.

बुश म्हणजे काय?

चाकाला धरून ठेवणारा जो आर्म असतो, किंवा मागच्या बाजूला जो कमानपाटा असतो, तो गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेला असतो. खड्डा आला की हा जोड थोडा फिरला पाहिजे. लोखंडावर लोखंड ठेवले तर आवाज होईल, झीज होईल आणि प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट आपल्या कमरेला बसेल. म्हणून मध्ये रबर घालतात. बाहेर एक पोलादी नळी, आत एक बारीक पोलादी नळी आणि दोन्हींच्या मध्ये त्यांना चिकटवलेले रबर, अशी याची घडण असते. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून घट्ट बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ती नळी सांगाड्याच्या दोन कानांमध्ये चिमटल्यासारखी पक्की होते.

आता नीट लक्ष द्यावे. अनेकांची समजूत अशी की, आतली नळी बोल्टवर फिरते, बिजागरीसारखी. तसे नाही. बाहेरची नळी आर्मबरोबर हलते, आतली नळी सांगाड्याला धरून असते आणि मधले रबर पिळले जाऊन तेवढी हालचाल सोसते. म्हणजे इथे काहीही घसरत नाही. फक्त रबर पीळ खाते आणि परत जागेवर येते. म्हणूनच याला तेल-ग्रीस लागत नाही.

हे रबर साधे नसते. कच्च्या रबरात गंधक मिसळून ते तापवले की त्याला चिवटपणा येतो. ही क्रिया चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ साली सापडली. उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी आपल्या साखर कारखान्यांत जे गंधक जाळतात, तेच हे गंधक. त्यात काजळी घालून रबर आणखी टिकाऊ करतात. म्हणून बुश काळे दिसते. उष्णता, ऊन-वारा आणि तेल हे तिन्ही या रबराचे वैरी आहेत.

पीळ आणि शेवटचा नट

आता मिस्त्रींच्या बोलण्याकडे येऊ. गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर उचलली की चाके खाली लोंबतात. आर्म खालच्या बाजूला झुकलेला असतो. त्या स्थितीत नट पक्का आवळला तर रबराची ‘विसाव्याची जागा’ ती ठरते. मग गाडी खाली उतरवली की वजनाने आर्म वर येतो आणि गाडी नुसती अंगणात उभी असतानाही रबर पिळलेले राहते. त्यावर रस्त्याचा प्रत्येक खड्डा आणखी पीळ देतो. जनावराच्या दाव्याला आधीच पीळ पडलेला असावा आणि जनावराने हिसका मारावा, तसे होते. दावे तुटते ते हिसक्याने खरे, पण निम्मे काम आधीच्या पिळाने केलेले असते. आमच्या गाडीचे नवे बुश एका हंगामातच फाटले ते यामुळे.

म्हणून सगळे बसवून झाल्यावर बोल्ट नुसते हाताने टेकवून ठेवावेत. चाके लावावीत, गाडी जमिनीवर उतरवावी, पुढे-मागे चार-दोन वेळा ढकलावी, बॉनेटवर दाब देऊन दोनदा हिंदकळवावी, म्हणजे ती आपल्या रोजच्या उंचीवर बसते. आणि मग शेवटचे आवळणे करावे. खाली हात पोचत नसेल तर चारही चाके सारख्या उंचीच्या भक्कम रॅम्पवर चढवावीत, किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी उभी करावी. वजन चाकांवर असणे महत्त्वाचे. किती जोर लावून आवळायचे याचा आकडा प्रत्येक गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेला असतो आणि तो टॉर्क पान्यानेच साधतो. पाइप घालून दम लावणे म्हणजे घट्ट आवळणे नव्हे. त्याने बोल्टचा आटा ताणतो. काही गाड्यांत हे नट एकदाच वापरायचे असतात. तिथे जुना नट परत लावू नये, नवाच घ्यावा.

गॅरेजात काम देताना हे आपण सांगितले तर कारागीर रागावेल असे वाटून कित्येक जण गप्प बसतात. रागावू द्या. “शेवटचा नट गाडी खाली उतरवल्यावर आवळा आणि मला दाखवा,” एवढे जरूर सांगावे आणि तिथे उभे राहून बघावे.

बुश गेले हे कसे ओळखावे?

आवाज ही पहिली खूण. गतिरोधकावर, खड्ड्यात, किंवा मागे घेऊन परत पुढे निघताना ‘टक’ किंवा ‘धप’ असा एकच आवाज येतो. दुसरी खूण म्हणजे ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंगला सतत थोडी दुरुस्ती द्यावी लागते. तिसरी खूण टायरवर दिसते. एकाच कडेने टायर खाल्लेला असतो, हात फिरवला तर करवतीसारखा लागतो. टायरची किंमत आणि बुशाची किंमत एकदा शेजारी लिहून पाहावी, म्हणजे चालढकल करण्याचा मोह होणार नाही.

पण याच खुणा इतर दोषांच्याही असतात. म्हणून चाक उचलून आधी हाताने पाहावे. चाक वर-खाली धरून हलवले असता खुळखुळले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडून धरून हलवले असता खुळखुळले तर बहुधा टाय रॉडचे टोक. हे सगळे ठीक असेल तर टॉमी आर्म आणि सांगाड्याच्या मध्ये घालून जपून रेटावी. थोडे लवचीक हलणे हे रबराचे कामच आहे. परंतु आतली नळी मध्यभागी न राहता एका अंगाला कलंडलेली दिसली, रबर नळीपासून सुटलेले दिसले किंवा टॉमी काढताच आर्म ‘खट’ करून जागेवर आला, तर बुश गेले असे समजावे. वरवर केसासारख्या भेगा दिसल्या म्हणून लगेच बदलण्याची गरज नाही. भेग आत खोल गेली असेल तर मात्र बदलावे.

दोन माणसे असतील तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. मोकळ्या, सपाट जागेत एकाने गाडी अगदी सावकाश पुढे घेऊन ब्रेक लावावा, मग मागे घेऊन ब्रेक लावावा. दुसऱ्याने बाजूला चार हात अंतरावर उभे राहून चाकाकडे बघावे. गाडीच्या समोर किंवा मागे अजिबात उभे राहू नये. चांगले बुश असेल तर चाक जवळपास जागेवरच राहते. गेलेले असेल तर मडगार्डच्या कमानीत चाक पुढे-मागे सरकलेले डोळ्यांना दिसते. आमच्या गाडीची ही परीक्षा मिस्त्रींनी आम्हाला करून दाखवली तेव्हा चाक चांगले बोटभर सरकत होते, आणि अशा गाडीतून आम्ही रोज चार गावे फिरत होतो.

घरी काम करण्यापूर्वी

काही हौशी सभासद घरीच हत्यार धरतात. आमची हरकत नाही. पण एक अट आहे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कितीही घाई असली तरी, शिरू नये. विटांची चवड लावूनही शिरू नये. भट्टीची वीट वरून भक्कम दिसते, पण लोखंडाच्या टोकाखाली ती अचानक फुटते. लोखंडी घोड्या सांगाड्याखाली लावाव्यात, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी द्याव्यात आणि खाली शिरण्यापूर्वी गाडी हाताने रेटून पाहावी. काळ्या रानात किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात जॅक खचतो. खाली जाड फळी घालावी. नाही तर काम पक्क्या फरशीवरच करावे.

दुसरी गोष्ट, गाडी कोणत्या जातीची आहे हे पाहावे. ज्या छोट्या मोटारींत पुढची कॉइल स्प्रिंग उभ्या शॉकअब्सॉर्बरवरच बसवलेली असते, तिथे लोअर आर्म सोडवला तरी स्प्रिंग सुटत नाही. परंतु काही गाड्यांत स्प्रिंग थेट आर्मवर दाबून बसवलेली असते, काहींत टॉर्शन बारचा पीळ आर्मवर असतो. तिथे बोल्ट काढताच तो आर्म माणसाचा हात मोडील इतक्या जोराने सुटू शकतो. अशा गाडीचे काम घरी करू नये.

जुने काढणे, नवे घालणे

पाण्या-चिखलाने बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. ब्रेकच्या चकतीवर किंवा रबरी होजवर त्याचा थेंब जाऊ देऊ नये. आर्म काढण्याआधी जुने बुश कोणत्या दिशेने बसले आहे याची ओरखडा मारून खूण करावी. काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ जागा ठेवलेल्या असतात. एका दिशेने मऊ, दुसऱ्या दिशेने कडक असा तो हिशेब असतो. ते फिरवून बसवले तर नवे बुश घालूनही गाडी पूर्वीसारखी चालत नाही.

जुने बुश प्रेसने दाबून काढणे उत्तम. प्रेस नसेल तर लांब आट्याचा बोल्ट, जाड वॉशर आणि योग्य मापाचा पाइपाचा तुकडा घेऊन वाइसवर ओढून काढता येते. वेळ लागतो, पण निघते. अडलेच तर रबर कापून काढून बाहेरच्या नळीला हॅक्सॉने आतून एक चीर द्यावी. आर्मच्या भोकाला पाते लागू देऊ नये.

गॅसच्या ज्योतीने रबर जाळून बुश काढण्याची एक वाईट खोड आपल्याकडे आहे. काम झटपट होते, म्हणून कारागीर तसे करतात. तो धूर विषारी असतो हे एक. आणि दुसरे, कमानपाट्याच्या डोळ्याला अशी आंच लागली की पोलादाचे पाणी उतरते. विळ्याला पाणी देणाऱ्या लोहाराला विचारा, तो हेच सांगेल. असा पाटा पुढे भरल्या गाडीत डोळ्यापाशीच मोडू शकतो.

नवे बुश बसवताना भोक पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करावे. दाब फक्त बाहेरच्या नळीवर द्यावा. मधल्या नळीवर किंवा रबरावर हातोडी मारली की नवे बुश जागीच खराब होते, आणि वरून काहीच दिसत नाही. डावे गेले असेल तर उजवेही त्याच वेळी बदलावे, कारण दोघांनी सारखेच खड्डे खाल्लेले असतात. आमचे उजवे वरून धड दिसत होते. काढल्यावर पाहतो तो रबर अर्धे सुटलेले.

बाजारात पॉलियुरेथेनची कडक बुशेही मिळतात. ती टिकतात, पण हादरे अंगावर येतात आणि त्यांतली काही त्यांच्या खास ग्रीसशिवाय कुरकुरतात. आपल्या रस्त्यांना गाडीबरोबर आलेल्या जातीचे रबरी बुशच बरे, असे आमचे मत आहे. सुट्या भागाच्या दुकानात जुना नमुना घेऊन जावे, नुसत्या तोंडी वर्णनावर जाऊ नये.

पिकअप आणि बोलेरोवाल्यांसाठी

या गाड्यांना मागे कमानपाटे असतात. पाट्याच्या पुढच्या डोळ्यात एक बुश आणि मागच्या टोकाला शॅकलमध्ये बुशे, अशी रचना असते. ओम्नीच्याही मागे पाटेच होते. कित्येक ठिकाणी शॅकलची बुशे दोन अर्ध्या रबरी तुकड्यांची असतात. ती प्रेसशिवाय, साबणाच्या पाण्याचा हात लावून नुसत्या बोटांनी बसतात. काम करताना सांगाडा घोडीवर ठेवावा, आखाखाली दुसरा जॅक लावावा आणि तो किंचित वर-खाली करून बोल्टवरचा भार काढावा. भार निघाला की बोल्ट हाताने फिरतो. तो फिरत नसेल तर हातोडी उचलू नये, जॅकची उंची बदलून बघावी. शेवटचे आवळणे इथेही गाडी चाकांवर उभी असतानाच करायचे.

लागणीच्या दिवसांत आपण बेणे वाहतो. हेक्टरी पंचवीस ते तीस हजार दोन डोळ्यांची टिपरी लागतात, आणि ती एका खेपेत नेण्याचा अट्टहास पिकअपच्या पाट्यांवर येतो. दोनाच्या तीन खेपा केल्या तर डिझेल थोडे जास्त जाईल, पण शॅकल वाकणार नाहीत आणि टिपऱ्यांचे डोळेही दबून मरणार नाहीत. हे दुसरे आमच्या खात्याचे बोलणे झाले, पण खोटे नाही.

आणखी एक. पाटे कुरकुरायला लागले की त्यांवर इंजिनाचे जळके काळे तेल ओतण्याची पद्धत गावोगाव आहे. दोन दिवस आवाज बंद होतो, माणूस खूश होतो. पण ते तेल बुशांच्या रबरात मुरते, रबर फुगते, भुसभुशीत होते आणि काही महिन्यांत लोंबायला लागते. जुन्या जीप किंवा ट्रकच्या पाट्यांना पितळी-लोखंडी बुशे आणि पिना असतात, त्यांना ग्रीस निपल असतो. तिथे नेमाने ग्रीस भरलेच पाहिजे. जिथे निपल आहे तिथे ग्रीस, जिथे रबर आहे तिथे कोरडे. मिस्त्री तर म्हणतात, “रबराला तेल पाजणं म्हंजे पोराला दारू पाजणं.”

काम झाल्यावर

पुढच्या आर्मची बुशे बदलली की चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे, नाही तर नवे टायरही कडेने खाल्ले जातील. पहिल्या काही दिवसांत वेगाने न चालवता मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का ते पाहावे. चारपाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे नट परत एकदा, गाडी चाकांवर उभी असतानाच, पान्याने तपासावेत. पाट्यांचे यू-बोल्टही त्याच वेळी पाहावेत. वर्षातून दोनदा गाडीखाली बॅटरी मारून बुशांवर नजर टाकली तर पुरे.

आमच्या गाडीचे फाटलेले बुश मिस्त्रींनी मधोमध कापून दिले आहे. आत रबर कुठून सुटले आणि पीळ कुठे पडला ते त्यात स्पष्ट दिसते. ते आम्ही गट ऑफिसच्या टेबलावर ठेवले आहे. सध्या चिटबॉय त्याखाली नोंदीचे कागद दाबून ठेवतात. उसाची नोंद द्यायला याल तेव्हा मागून घ्यावे आणि हातात धरून पाहावे.